कप्तान ऐकत नाहीत

कप्तानांच्या होडीवर तीनच शब्द चालत: ओढ, सोड आणि लाव. ओढ म्हणजे शिडाचा दोर ओढ, सोड म्हणजे तोच दोर सोड, आणि लाव म्हणजे शीड लाव. चौथ्या शब्दाची गरज कप्तानांना कधी वाटली नाही, आणि गाण्याचं तर होडीवर नावच काढायचं नाही. "होडी बोलत असते," ते धक्क्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "शिडाची कड काय म्हणते ते ऐकायचं, का तुमचं टिंगटिंग ऐकायचं?" समोरचा मान डोलवायचा. चार माणसं बसली तर पाचव्याने पोहत यावं एवढीशी ती होडी. तिला एवढं बोलायचं तरी काय असेल, हे विचारायची मात्र कुणाची छाती होत नसे.

हे कप्तान कुठल्या जहाजावरचे कप्तान नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांनी चाळीस वर्षं शिडं आणि ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात काढली. एका लांबलचक खोलीत बारा अवजड मशिनं, आणि बाराही एकदम सुरू. शेवटची पंधरा वर्षं ते तिथले मुकादम होते, आणि त्या गदारोळातही त्यांची हाक बाराव्या मशिनापर्यंत पोचायची. होडी घेतली त्या दिवशी बायकोने त्यांना पहिल्यांदा 'कप्तान' म्हटलं. ते कौतुकाने म्हटलेलं नव्हतं, पण यांनी कौतुक म्हणूनच घेतलं आणि नाव चिकटलं.

बायको पियानो लावायची. गावातल्या शाळा, सभागृहं, दोन हॉटेलं आणि काही हौशी घरं, जिथे जिथे पियानो होता तिथे वर्षातून दोनदा तिची कातडी पिशवी पोचायची. सगळे तिला पियानोबाई म्हणत. आपण नुसतं बाई म्हणू. पियानोत बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. त्यातली एक केसभर उतरली तरी सूर थरथरायला लागतो, आणि ती थरथर बाईंना पलीकडच्या खोलीतून, मध्ये दार बंद असलं तरी कळायची.

होडी घेतल्यावर पहिल्याच रविवारी बाई हौसेने बरोबर निघाल्या होत्या. पिशवीत छोटा टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट. धक्का सुटून शंभर हात झाले नसतील, बाईंनी टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला आणि कप्तानांनी आपला नियम सांगितला. नियम तिथल्या तिथेच जन्माला आला होता, पण कप्तान असे बोलले की जणू पिढ्यानपिढ्या चालत आलाय. बाई म्हणाल्या, "जिथे गाणं नाही तिथे मी नाही." कप्तान म्हणाले, "धक्का काही लांब नाही." झालं! होडी वळली, बाई उतरल्या, आणि पुढची बावीस वर्षं त्यांनी होडीत पाऊल ठेवलं नाही. पहिले दोन-तीन रविवार कप्तानांना मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. पुढे मात्र शेजारची रिकामी फळी डोळ्यात खुपायला लागली. पण "ये" म्हणायचं म्हणजे आला का चौथा शब्द! तो काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

आता खरी गोष्ट. कप्तानांचा डावा कान तीन वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबरच निवृत्त झाला होता, आणि उजवाही निवृत्तीला टेकला होता. बारा मशिनांनी चाळीस वर्षं कुरतडून बारीक आवाज सगळे खाऊन टाकले होते. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग बायकोच्या बोलण्यातले निम्मे शब्द. हे जगात एकट्या कप्तानांना ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी तीन हुंकार तयार ठेवले होते: लांब 'हंऽऽ' म्हणजे पटलं, आखूड 'हं' म्हणजे बरं आहे, आणि नाकातला 'ह्म' म्हणजे माझ्या नादी लागू नका. या तिघांवर संसार चालला होता. कधी हुंकार चुकला की बाई लेकीला फोनवर सांगायच्या, "तुझे बाबा कुणाचं म्हणून ऐकत नाहीत." लेक म्हणायची, "ते कधी ऐकत होते?" आणि कप्तान उजवा कान दाराला लावून बाईंचं तेवढं ऐकत आणि सुटकेचा श्वास टाकत. हट्टी म्हणा, आडमुठा म्हणा, दगड म्हणा, काही हरकत नाही. बहिरा तेवढं म्हणू नका. बहिऱ्याच्या हातात होडी कोण ठेवणार?

आणि त्या होडीचं बोलणं तरी कुठे राहिलं होतं! शिडाच्या कडेला त्यांनी लाल लोकरीचा वीतभर धागा बांधला होता. वारा नीट भरला की धागा सरळ आडवा राहायचा, नाही तर गिरक्या घ्यायचा. कप्तान डोळे त्या धाग्यावर ठेवून होडी चालवत आणि कुणी विचारलं तर "शोभेला बांधलाय" म्हणून सांगत. धागा वाऱ्याचं सगळं सांगायचा. पाठीमागून काय येतंय हे तो सांगू शकत नव्हता, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

मागच्या महिन्यात माल नेणारी एक मोठी लाँच त्यांच्या मागून आली. तिने चार वेळा भोंगा वाजवला, आणि कप्तान तिच्या वाटेत धाग्याकडे बघत निवांत बसून राहिले. लाँचवाल्याने ऐन वेळी वळवली म्हणून बचावले. त्याने बंदराच्या कचेरीत तक्रार केली, कचेरीने घरी फोन केला, आणि तो नेमका माहेरी आलेल्या लेकीने उचलला.

"वारा उलटा होता," कप्तान म्हणाले. "भोंगा ऐकू कसा येणार?"

लेक शाळेत मुख्याध्यापिका होती. असल्या कारणांचा ती रोज पहिल्या तासाआधी निकाल लावायची. "बाबा, दोनच मार्ग आहेत," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "एक तर होडी विकायची. नाही तर येत्या रविवारी आईला बरोबर न्यायचं. आई सगळं बघेल आणि ती म्हणेल ते शेवटचं. ती हो म्हणाली तर होडी तुमची. नाही म्हणाली तर धक्क्यावरूनच मी दाताच्या डॉक्टरांना फोन लावते."

दाताचे डॉक्टर म्हणजे गिऱ्हाईक. ते होडी बघूनही गेले होते. एका लहानशा हातोडीने त्यांनी फळी न् फळी ठोकली आणि एका जागी "इथे थोडं किडलंय" असं म्हणाले. तेव्हापासून कप्तान त्यांच्यावर दात धरून होते.

बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "जाईन मी," त्या म्हणाल्या. "माझी अट मात्र बावीस वर्षांपूर्वीचीच आहे." कप्तानांनी लांब 'हंऽऽ' दिला. दुसरं काय देणार?

रविवारी सकाळी बाई धक्क्यावर आल्या त्या कातडी पिशवी, चहाचा थर्मास, एक वही आणि तोच टेपरेकॉर्डर घेऊन. तो बघून कप्तानांनी मनात हिशेब मांडला. एकदा गाणं सुरू झालं की उरलासुरला उजवा कान त्यात बुडणार. मग बाई काय बोलल्या तेही कळायचं नाही, भोंग्याचं तर सोडाच. पण आज परीक्षक त्याच होत्या. कप्तानांनी नियम गुंडाळून खिशात घातला.

"अगं तिथे नको, इकडे बस," ते म्हणाले. "उजवीकडची फळी मऊ आहे."

"फळी मऊ?"

"म्हणजे, रुळलेली."

बाई रुळलेल्या फळीवर बसल्या आणि वही उघडली. "हं, सांगा तुमचे शब्द." कप्तानांनी सांगितले, त्यांनी अर्थासकट लिहून घेतले आणि खाली रेघ ओढली. "एवढेच? पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात."

"होडीला तीन पुरतात. आणि हे बघ, होडीवर विचारायचं नाही, विचार करायचा नाही. शब्द कानावर पडला की हात हलला पाहिजे."

"बरं," बाई म्हणाल्या. बाई एका शब्दात 'बरं' म्हणाल्या की शहाण्याने सावध व्हावं. कप्तान झाले नाहीत.

धक्का सुटला. कप्तानांनी सुकाणू धरलं, छाती भरून घेतली आणि मुकादमी आवाजात आरोळी ठोकली, "लाव!"

बाईंनी लावला. टेपरेकॉर्डर.

"अगं, शीड! शीड लाव!"

"मग तसं म्हणा की. चाळीस वर्षं मी पियानो लावतेय. घरी दार लावते, दिवा लावते, रेडिओ लावते. शीड मी जन्मात कधी लावलंय?"

"वहीत लिहिलंस ना आत्ता?"

"वही बघायची म्हणजे विचार करणं आलं. तुम्हीच नको म्हणालात."

कप्तानांनी दात-ओठ खात शीड स्वतःच वर चढवलं. तोवर कॅसेट फिरत होती. ते पुन्हा सुकाणूपाशी येऊन टेकले, तर बाई त्यांच्याकडे बघत होत्या. पाण्याकडे नाही, शिडाकडे नाही, सरळ त्यांच्या तोंडाकडे. भुवया किंचित वर, ओठांवर अर्धं हसू, कुणाच्या हातात बांधलेली भेट ठेवून तो ती कधी उघडतो याची वाट बघावी तसं. आपल्याकडून काहीतरी यायला हवंय, एवढं कप्तानांना कळलं. काय, ते कळेना. टेपमधून त्यांच्यापर्यंत नुसती घरघर पोचत होती, वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवत असावं तशी. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी त्यातल्या त्यात निर्धोक असा आखूड 'हं' दिला.

बाईंचं अर्धं हसू होतं तिथेच थांबलं. त्यांनी तोंड पाण्याकडे फिरवलं.

"काय झालं?"

"काही नाही."

हे दोन शब्द ओळखायला नवऱ्याला कान लागत नाहीत. कप्तानांनी डोळे धाग्यावर वळवले.

वारा मात्र छान होता. धागा सरळ आडवा, होडी एका कुशीवर झुकून पळत होती, पाणी फळ्यांना घासून मागे जात होतं. ओढ म्हटलं की बाई ओढत, सोड म्हटलं की सोडत, आणि हातभरच म्हटलं तर हातभरच. तारा पिळून पिळून त्यांची मनगटं अशी झाली होती की कप्तानांनी मनातल्या मनात त्यांना बाराही मशिनांवर नेमून टाकलं. बावीस वर्षं ही बाई आपण धक्क्यावर ठेवली, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचा रागच आला. जहाजांना वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेला लाल बोया मागे पडला. बोयावर चार पांढरी पाखरं अंग फुगवून बसली होती.

इथवर सगळं सुरळीत होतं. कप्तानांनी तसंच राहू दिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण परीक्षेत येत नसलेलं उत्तरही ठसक्यात लिहायची खोड काहींना असते. आपलं लक्ष किती बारीक आहे हे परीक्षकबाईंना दिसावं म्हणून त्यांनी कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "जरा आवाज कमी कर. तुझ्या त्या पियानोपायी मला शीड ऐकू येईना."

बाईंनी सावकाश मान वळवली. "काय कमी करू?"

"आवाज. केवढ्याने वाजतंय ते!"

"बंद केलंय," बाई म्हणाल्या. "बोयाच्या अलीकडेच."

कप्तानांनी टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. त्याचं झाकण उघडं होतं आणि कॅसेट बाईंच्या हातात होती. घरघर मात्र चालूच होती. ती बहुधा गेली तीन वर्षं चालू होती.

"मी मघाचं म्हणतोय," ते म्हणाले.

"मघाशी तुम्ही 'हं' म्हणालात."

"आवडलं म्हणून म्हणालो."

"काय आवडलं?"

"पियानो."

"आणि पियानोच्या आधी काय होतं?"

आधी? कप्तानांनी आकाशाकडे पाहिलं, धाग्याकडे पाहिलं. धागा याबाबतीत काही सांगू शकत नव्हता. "आधीसुद्धा पियानोच," ते म्हणाले.

"म्हणजे ऐकलंच नाहीत!" बाई आता चांगल्याच तापल्या. "तेव्हा नाही, आजही नाही. एवढी ती कॅसेट जपून ठेवली, वाटलं आज तरी... कुणाचं ऐकायचंच नाही अशी शपथ घेतलीय का तुम्ही? अहो, होडीचं ऐकता, शिडाचं ऐकता, माझंच काय तेवढं..."

कप्तान पुरते कोंडीत सापडले होते. खरं सांगावं तर होडी जाते, न सांगावं तर बायको. त्यांनी हात झटकला आणि घरी शंभरदा म्हटलं होतं तेच म्हणाले, "अगं सोड ना! जाऊ दे!"

शब्द कानावर पडला आणि हात हलला. बाईंनी दोर सोडला. 'जाऊ दे' म्हटल्यावर तर शेवटच्या टोकापर्यंत जाऊ दिला.

पुढे जे झालं ते सांगायला वेळ लागतो, व्हायला लागला नाही. शिडाखालची आडवी काठी सणसणत पलीकडे गेली आणि जाताजाता कप्तानांची टोपी घेऊन गेली. होडी गर्रकन वळून वाऱ्याला नाक लावून उभी राहिली. थर्मास गडगडत तळाशी गेला. शीड असं फडफडायला लागलं की ते कप्तानांनासुद्धा ऐकू आलं.

"दोर का सोडलास?"

"तुम्हीच म्हणालात, सोड!"

"ते होडीवरचं सोड नव्हतं गं, ते आपलं घरातलं सोड होतं!"

"माझ्या वहीत एकच सोड आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. मग कप्तानांनाही राहवेना. दोघं हसत सुटली. टोपी उजव्या अंगाला पाण्यावर तरंगत होती. कप्तान वल्हं घेऊन वाकले आणि तिला जवळ ओढायला लागले.

तेवढ्यात बोयावरची चारही पाखरं एकदम उडाली. का उडाली कुणास ठाऊक, असं म्हणून कप्तानांनी टोपी आणखी वीतभर जवळ आणली. मग त्यांना बाईंचा चेहरा दिसला. बाई मागे बघत होत्या, मग त्यांच्याकडे, पुन्हा मागे, पुन्हा त्यांच्याकडे. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "बघ, वरून अजून कोरडी आहे," कप्तान टोपीबद्दल म्हणाले.

बाई पुढे सरकल्या. त्यांनी नवऱ्याची हनुवटी धरली आणि मान डावीकडे वळवली. पाठीमागून मालाची लाँच येत होती. अजून लांब होती, पण सरळ त्यांच्याच रोखाने. भोंग्याच्या नळीतून पांढरी वाफ सुटत होती, विरत होती, पुन्हा सुटत होती. आवाज नाही.

कप्तानांच्या हातातलं वल्हं तसंच राहिलं.

"ओढू?" बाईंच्या ओठांवरून त्यांना कळलं. दोर त्यांनी आधीच हातात घेतला होता.

"ओढ!"

शीड भरलं, कप्तानांनी सुकाणू दाबलं, होडी वाटेतून बाजूला झाली. लाँच पुरेशा अंतराने निघून गेली. तिच्यावरच्या माणसाने तोंडाशी दोन्ही हात धरून काहीतरी ओरडून सांगितलं.

"काय म्हणाला?" कप्तानांनी विचारलं. तीन वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणालाही विचारला नव्हता.

बाई त्यांच्या उजव्या कानाशी वाकल्या. "तुमच्या तब्येतीची चौकशी करत होता," त्या मोठ्याने म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कधीपासून?"

आता काय लपवायचं होतं? "तीन वर्षं झाली. डावा पुरता गेला. उजवा आहे, कामापुरता."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुला सांगितलं असतं तर लेकीला कळलं असतं. मग होडी गेली असती."

"मी तीन वर्षं गावभर सांगत फिरले, हे माझं ऐकत नाहीत म्हणून! आणि तुम्ही फिरू दिलंत?"

"ऐकत नाही म्हटलेलं चालतं गं," कप्तान म्हणाले. "चारचौघांत ताठ बसता येतं. ऐकूच येत नाही म्हटलं की लोक कीव करतात."

बाईंचे डोळे भरून आले. "लोकांच्या घरची तार केसभर उतरली तर मला भिंतीपलीकडून कळतं," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या घरातला अख्खा माणूस उतरला, तो नाही कळला. भांडत राहिले नुसती." हे त्या कानाशी बोलल्या नव्हत्या, पण कप्तानांना शब्द न् शब्द समजला. त्यांना फार वाईट वाटलं. आपण मूठ इतकी घट्ट झाकली की हिच्या कानांनाही हार खायला लावली, आणि त्यात आपल्याला शहाणपणा वाटत होता! त्यांनी पाण्यातून काढलेली टोपी पिळली आणि तशीच ओली डोक्यावर घातली.

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि टोपीतून त्यांच्या नाकावर गळणारं पाणी बघून पुन्हा मूळपदावर आल्या. "काय हो, मग शीड ऐकता ते कसं?"

"ऐकतो आपलं."

"आणि ही लोकर?"

"शोभेला."

"कप्तान!"

"...बघतो मी तिच्याकडे."

"या वीतभर लोकरीपायी माझं गाणं बावीस वर्षं बंद?"

"बावीस नाही. पहिली एकोणीस मी खरंच ऐकत होतो," कप्तान म्हणाले. ते प्रामाणिक होते, एवढं त्यांना द्यायला हवं.

बाईंनी कॅसेट सुरुवातीपर्यंत गुंडाळली, टेपरेकॉर्डर डोलकाठीच्या बुडाशी घट्ट दाबून धरला आणि म्हणाल्या, "इथे कान लावा. पियानोत तार नुसती हलते, बोलतं ते लाकूड."

कप्तान होडीच्या तळाशी बसले आणि त्यांनी उजवा कान काठीला टेकवला. आधी काहीतरी पुटपुटलं, क्षणभरच. मग लाकडातून खालचे सूर आले, जिन्यावरून ओळखीचं माणूस सावकाश वर येतंय असे. वरचे नव्हते. डावा हात वाजत होता आणि उजव्याच्या जागी नुसता वारा होता. तरी कप्तान हलले नाहीत. वाजणं संपलं तेव्हा त्यांच्या गालावर लाकडाचा वळ उठला होता.

"सुरुवातीला कोण बोलतं?"

"मी."

"काय म्हणतेस?"

"नाही सांगणार."

"अगं सांग ना."

"बावीस वर्षं त्यात बसून आहे, आणखी थोडे दिवस बसेल. ऐकायचं तर आपल्या कानाने ऐका. यंत्रं मिळतात."

"मी कानाला काही लावणार नाही," कप्तान सवयीने म्हणाले. बाईंनी कॅसेट काढली, कातडी पिशवीत टाकली आणि पिशवीचा पट्टा आवळला.

धक्क्यावर लेक उभी होती, हातात फोन घेऊन. बाई वर चढल्या. कप्तान खाली होडीतच दोर बांधत राहिले, आणि दोघी त्यांच्या डाव्या अंगाला होत्या, म्हणजे जवळजवळ दुसऱ्या गावात. लेकीने काय विचारलं ते त्यांनी ओठांवरून ओळखलं: "ऐकतात का बाबा?"

बाईंनी मान हलवली. नाही.

कप्तानांचे हात गाठीवर थांबले. बायको खोटं बोलेल असं त्यांना वाटलंच नव्हतं, आणि आज पाखरं उडाली तेव्हा आपण काय करत होतो हेही ते विसरले नव्हते. त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनीही तीच मान हलवली असती. त्यांनी होडीच्या काठावर हात ठेवला. वीस-बावीस वर्षांत तिथलं लाकूड त्यांच्या तळव्याच्या मापाने झिजलं होतं. आता तिथे दातवाल्याचा हात बसणार. वर बाई अजून बोलतच होत्या. लेकीने एकदा तोंडावर हात ठेवला, एकदा वाकून बाबांकडे पाहिलं. आणि मग तिने फोन पर्समध्ये टाकला.

कप्तान घाईघाईने वर चढले आणि उजवी बाजू पुढे केली. "काय ठरलं?"

"सांगितलं तिला," बाई कानाशी म्हणाल्या, "की ऐकत नाहीत. डाव्याने मुळीच नाही, उजव्याने कामापुरतं. एकट्याने होडी न्यायची बंद."

"म्हणजे..."

"म्हणजे दर रविवारी मी आहेच. हात तुमचे, कान माझे. आणि डॉक्टरांना निरोप जाईल, होडीला कीड नाही म्हणून." त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली. "पण आता शब्द मी देणार. लावा!"

"काय, शीड?"

"शीड नंतर," बाई म्हणाल्या. "आधी कान."

तीन आठवड्यांनी कप्तान उजव्या कानात चण्याएवढं यंत्र घालून धक्क्यावर आले. तोवर घरात त्यांच्या तक्रारींचा पाऊस पडून गेला होता: ताटल्या फार आपटतात, वर्तमानपत्र फार वाजतं, आणि लेक इतकी बोलते हे आपल्याला कुणी सांगितलं का नाही. होडीत बाई डावीकडच्या फळीवर बसल्या, डाव्या कानाच्या जागी. तीही मऊच निघाली.

धक्का सुटला. "लाव!" कप्तान म्हणाले.

"काय?" बाईंनी नियम मोडून विचारलं.

"दोन्ही."

शीड चढलं, धागा आडवा झाला. बाईंनी कळ दाबली आणि दोराची गाठ तपासायचं निमित्त करून पाठ फिरवली. गाठ उत्तम होती. कॅसेट थोडी खरखरली. मग एका मोकळ्या खोलीतून, बावीस वर्षांनी तरुण असलेला एक आवाज जरा लाजत म्हणाला, "कप्तान, ऐकताय ना?"

आणि पियानो सुरू झाला, दोन्ही हातांनी.

कप्तानांनी बाईंच्या पाठीकडे पाहिलं. विचारलंय तर उत्तर द्यायला हवं, बावीस वर्षं उशीर झाला म्हणून काय झालं. ते ओढमध्ये बसेना, सोडमध्ये बसेना, लावमध्ये बसेना, आणि तिन्ही हुंकारांतला एकही त्याला पुरेना. बाई अजून गाठच बघत होत्या.

"ऐकतोय," कप्तान म्हणाले.